कोटाचं टोक

गावाच्या वेशीवर लाल कापड ताणून बांधलं होतं. 'ताओ मानत्सांग, तुझं घर तुझी वाट पाहतंय,' असं त्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं. ज्याच्यासाठी हा थाट, त्याला आपलं नाव मानत्सांग आहे हे कळून जेमतेम महिना झाला होता. दूर दक्षिणेत, समुद्राकाठच्या ज्या घरात तो लहानाचा मोठा झाला, तिथं त्याला वेइलोंग म्हणत. पण कापड रंगवून झालं होतं, फटाक्यांच्या माळा आणून झाल्या होत्या, आणि गाव एकदा आनंद करायला बसलं की असल्या बारकाव्यांत शिरत नाही.

चिऊलान पहाटेपासून चुलीपुढं होती. हरवलेला तो तिचा पाठचा भाऊ. सगळं गाव अंगणात पाहुणं होऊन बसलेलं आणि घरची लेक धुरात, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तिलाही वाटलं नाही. ज्याच्या हातून घडा फुटला त्यानंच जन्मभर पाणी भरायचं, हा नियम तिच्या नवव्या वर्षीच ठरून गेला होता.

त्या वर्षी देवळाच्या जत्रेत नाटकमंडळी आली होती. चार वर्षांच्या मानत्सांगला तिच्या हाती सोपवून आत्या तिळाच्या वड्या आणायला गेली, आणि परत येऊन बघते तर चिऊलान नाटकाकडं आ वासून बघतेय, हात रिकामा. हे तिला इतक्यांदा आणि इतक्या जणांनी सांगितलं होतं, की तिला ते आता आठवायचंसुद्धा. मुठीतून निसटणारी ती चिकट बोटं आठवायची. आणि आठवायचे सेनापतीचं सोंग घेतलेल्या नटाचे बूट. जाड पांढरे तळवे, अगदी नाकासमोर, एकातून खिळा बाहेर आलेला. "भावाला चोर नेत होता तेव्हा ही बूट बघत होती," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

आईनं तिला शाळेतून काढलं आणि बरोबर घेऊन हिंडली. गळ्यात मुलाचा फोटो चिकटवलेला पुठ्ठा, आज हे स्टेशन, उद्या ते. रात्री कुठल्या तरी ओसरीला, सकाळी गार पाव आणि नळाचं पाणी. गर्दीत शिरताना आई कधी तिचा हात धरायची नाही. आपल्या कोटाचं टोक पुढं करायची. "हे धर. हात तुझ्याकडं टिकत नाही." आणि चिऊलान धरायची, इतकं घट्ट की त्या निळ्या कोटाची एक कड झिजून पांढरी पडली.

आई गेली तेव्हा चिऊलान सत्तावीस वर्षांची होती. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत रजईवर पडलेला आईचा हात तिनं हातात घेतला. आईची वाचा गेली होती. तिनं तो हात हळूच सोडवून रजईखाली नेला. जिवंतपणी केलेला अपमान माणूस विसरतो, मरताना केलेल्याचं काय करायचं ते कुणी शिकवत नाही.

मधल्या काळात एकदा तिच्यासाठी स्थळ आलं होतं. मुलाची आई घरात येऊन बसली, शेंगदाणे खाल्ले, आणि उठताना म्हणाली की मुलगी कामाची आहे, पण जिनं भाऊ हरवला ती उद्या माझा नातू हरवेल. त्यानंतर कुणी आलं नाही.

त्यामुळे चिऊलानला भाऊ हवा होता तो मायेपोटी, असं म्हटलं तर ते खोटं होईल. चार वर्षांचं पोर ते, त्याची माया किती पुरणार? तिला तो हवा होता आईला पुरलं त्या मातीशी नेऊन उभा करायला. 'आई, आणला बघ,' एवढं वाक्य तिनं केव्हापासून तयार करून ठेवलं होतं. तेवढं बोललं की आपण सुटलो, असा तिचा हिशेब.

आणि आणला तो तिनंच. तालुक्याच्या पोलिसांनी हरवलेल्या मुलांच्या आईबापांचं रक्त घ्यायला सुरुवात केली, तेव्हा आत्या म्हणाली, "म्हाताऱ्याला कशाला सुया टोचताय? जो गेला तो गेला." बापही मान हलवत राहिला. मग आत्या लेकीच्या बाळंतपणाला गेली तशी चिऊलाननं बापाला तीनचाकीत घातलं आणि नेऊन बोट पुढं करायला लावलं. बापाला अर्धांग झालेलं, त्याच्या हो-नाहीला किंमत नव्हती. वर्ष गेलं, आणि रक्त जुळलं.

ही आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण, फंगलिंग. दिलेली होती दोन शेतं पलीकडच्या गावात, पण भावाच्या घरात पान हलायचं ते तिच्या शब्दानं. तिच्या नवऱ्याची तिळाच्या तेलाची गिरणी होती आणि तिच्या अंगालाही कायम तो वास असायचा. गाव तिला देवमाणूस मानायचं, त्याला कारण होतं. मानत्सांग सरकारी परवानगीशिवाय जन्माला आलेलं दुसरं पोर. चार वर्षं लपवलं, पाचव्या वर्षी कुणीतरी चुगली केली. दंड भरेपर्यंत म्हणून वसुलीवाल्यांनी आजीला उचलून नेलं आणि ऐन थंडीत धान्याच्या गोदामात डांबलं. दार नेलं, बैल नेला, तरी दंड फिटेना. त्यातच जत्रेत पोर गेलं. तेव्हा फंगलिंग आत्यानं नवऱ्याची गिरणी गहाण टाकली, दंड भरला, म्हातारीला सोडवून आणलं. एवढंच नाही, पावती मिळाल्यावर हरवलेल्या पोराचं नाव दफ्तरात चढवून घेतलं, म्हणजे पोलिसांना शोधायला निदान नाव तरी हवं. असली बहीण सात जन्मांत मिळत नाही, असं लोक बापाला म्हणत. बाप खाली बघायचा. लोकांना वाटायचं, उपकारानं मान झुकलीय.

दहाच्या सुमाराला गाडी आली. फटाक्यांचा असा धूर झाला की पाहुणा उतरला तो खोकतच. उंच, किरकोळ, केस नीट विंचरलेले, अंगात काळा कोट. टायरचं दुकान आहे म्हणे. चिऊलान पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्याच्या चेहऱ्यावर आईची हनुवटी होती. तेवढी एक गोष्ट बघून तिनं चौकट धरली.

पुढं धावली ती आत्या. "माझ्या सोन्या, माझ्या सोन्या," करत तिनं त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि असा गळा काढला की बायाबापड्यांनी डोळे पुसले. तो वाकून तसाच उभा राहिला. मग त्यानं आत्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी विचारलं. आत्याचं रडणं नळ बंद करावा तसं थांबलं. क्षणभरच, लगेच तिनं नवा सूर धरला. पण चिऊलाननं ते पाहिलं, आणि तिला वाटलं, दमली असेल.

बापाला खुर्चीत बांधून बसवलं होतं. पोरानं त्याच्यापुढं गुडघे टेकले. बापाचं अर्धं तोंड हललं, अर्धं नाही. चिऊलानपाशी येऊन तो म्हणाला, "तुम्ही ताई." हात पिठाचे आहेत, एवढंच ती म्हणाली.

मग माजघरात चहा, सूर्यफुलाच्या बिया, सिगारेटी. गावचे जुने प्रमुख, मा काका, मधल्या खुर्चीत बसून पाहुण्याची चौकशी करू लागले. लग्न झालंय का, मुलं किती, तिकडं भात खाता की नुसतेच मासे. मग म्हणाले, "आता पाचव्या महिन्यात इकडंच ये बघ. तुझा वाढदिवस आख्खं गाव करू."

पाचव्या महिन्यातला तो दिवस म्हणजे दफ्तरातला. पोलिसांकडं तोच, आईच्या गळ्यातल्या पुठ्ठ्यावर तोच, टीव्हीवर दाखवला तोही तोच.

"माझा वाढदिवस हिवाळ्यात असतो, काका," तो शांतपणे म्हणाला. "वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, तेविसाव्या तिथीला. आमच्याकडं चुलीचा देव चोवीसला वर स्वर्गात जातो, पण तिकडची आई मला आदल्याच दिवशी लांब शेवया आणि दोन अंडी करून घालते. म्हणते, तुझ्या मूळ गावाला देव आज जातो, आणि तू आजच्याच दिवेलागणीला जन्मलास."

मा काका हसले. "तिकडच्या बाईनं अंदाजे ठरवला असेल. विकत घेतलेल्या पोराला कुठला आलाय वाढदिवस?"

"असेल," तो म्हणाला. आणि चहाचा कप तसाच हातात धरून त्यानं खोलीतल्या एकेका बाईच्या तोंडाकडं पाहिलं.

चिऊलान किटली घेऊन उभी होती. तिनं ती खाली ठेवली. तो दिवस तिला ठाऊक होता. आत्याच्या मागच्या खोलीत, खिडकीला गोणपाट लावून, आई कण्हत होती. आजी बाळंतपण करत होती, आत्या दिवा धरून होती, बाप बाहेर शेतावर पाळत ठेवत होता. चिऊलानला उंबऱ्यावर बसवलेलं, कुणी आलं तर खोकायचं म्हणून. समोर चुलीवर देवाचं चित्र, त्याच्या तोंडाला ताजी साखर फासलेली, वर जाऊन घरातल्या गोष्टी सांगू नयेत म्हणून. पोर रडलं तेव्हा दिवेलागण होत होती. आणि आजीनं सगळ्यांना शपथ घातली होती, लपून जन्मलेल्या पोराची खरी वेळ कुणाला सांगायची नाही, नजर लागते. दफ्तरात, पोलिसांत, कुठंच नाही. म्हणून पाचवा महिना.

पाच माणसांना ठाऊक होतं. आई रस्तोरस्ती पुठ्ठा घेऊन मेली. आजी त्या वेळी गोदामात कोंडलेली. राहिली ती स्वतः, बाप, आणि जत्रेत तिळाच्या वड्या आणायला गेलेली आत्या.

स्वयंपाकघरात आत्या पातीचा कांदा चिरत होती. बाहेर बायका ताटं मांडत होत्या. चिऊलाननं दार लोटून घेतलं.

"आत्या, त्याच्या तिकडच्या आईला खरा दिवस कुणी सांगितला?"

"कसला दिवस?"

"तेवीसचा. दिवेलागणीचा."

"योगायोग असेल एखादा. मासा उलटलास का? खालून लागेल बघ."

"चोर असता तर मनाला येईल ती वेळ ठोकून दिली असती," चिऊलान म्हणाली. "खरी वेळ घरचं माणूस सांगतं."

आत्याची सुरी थांबली. ती रडेल, शपथा घेईल, अंगावर येईल, असं चिऊलानला वाटलं होतं. यातलं तिनं काही केलं नाही. कांदा एका बाजूला सारला आणि स्टुलावर बसली.

"वेळ दिल्याशिवाय कसं धाडू पोराला?" ती म्हणाली. "उद्या लग्न ठरवायचं झालं तर कशाशी जुळवणार? आजारी पडला तर देवापुढं काय सांगणार? खोट्या वेळेचं पोर म्हणजे जन्मलेलंच नाही. एवढी काही मी पापी नाही."

पोर विकलं ते पाप नव्हे. वेळ खोटी सांगितली असती तर ते पाप. आणि आत्या हे मनापासून म्हणत होती.

मग आत्यानं सगळं सांगितलं, हलक्या आवाजात, एखाद्या जुन्या दुखण्याबद्दल सांगावं तसं. आजी गोदामात रक्त थुंकायला लागली होती. गिरणी गहाण टाकायला नवऱ्यानं साफ नकार दिला होता. गिरणी कधी गहाण पडलीच नव्हती. दक्षिणेतलं एक जोडपं पोरासाठी आसुसलेलं होतं, माणसं चांगली होती, तिनं चौकशी करून घेतली होती. "तुझ्या बापाला विचारलं. तो रात्रभर ओसरीवर बसून होता. सकाळी म्हणाला, पोर पुन्हा होईल, आई पुन्हा होणार नाही. झालं. तुझ्या आईला कळलं असतं तर तिनं घर पेटवलं असतं, म्हणून जत्रा." दंड पोराच्याच पैशातून भरला आणि त्याचंच नाव त्या पावतीवर दफ्तरात चढलं. पोर पुन्हा झालं नाही, कारण वसुलीवाल्यांनी दंडाबरोबर आईचं ऑपरेशनही उरकून टाकलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं कळसा काखेत घेऊनच आत्या त्यांना गावोगाव पाठवत होती. प्रत्येक प्रवासाला पाव बांधून द्यायची तीच, आणि निघताना आईचे डोळे पुसायचीही तीच.

"आणि मी?" चिऊलाननं विचारलं. "माझ्या हातून तो सुटला..."

"कुठं सुटला? मी म्हटलं, दे त्याला इकडं. तू दिलास. माझ्या हातात दिलास त्याचा हात. नाटक नीट दिसावं म्हणून मीच तुला उचलून मंचाच्या कडेवर बसवलं."

आणि चिऊलानला ते बूट दिसले. पांढरे तळवे, नाकासमोर, एकातून खिळा बाहेर आलेला. गर्दीत उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या पोरीला नटाच्या बुटाचे तळवे कसे दिसतील? पुरुषभर उंचीचा तो मंच. इतकी वर्षं ते बूट तिच्या डोळ्यांपुढं होते, आणि आपण एवढ्या वर गेलो कसे, हा साधा प्रश्न तिनं स्वतःला कधी विचारला नव्हता. निसटणारी ती चिकट बोटं खोटी होती. ती लोकांनी तिच्या मुठीत कोंबली होती. खरे होते ते बूट.

"मग माझ्यावर का घातलंस?"

"कुणाच्या तरी हातून सुटायलाच हवा होता ना," आत्या म्हणाली. "माझ्या हातून सुटला असता तर तुझ्या आईनं पहिल्याच रात्री माझा गळा धरून खरं काढून घेतलं असतं. तू लहान. लहान पोराला लोक माफ करतात."

"केलं का?"

आत्या जरा विचारात पडली. "मी तर केव्हाच केलं," ती म्हणाली.

चिऊलानला हसू येईल असं वाटलं, आणि आपण हसलो तर थांबणार नाही याची भीती वाटली.

आत्या उठली, मासा लांबट ताटात काढला, वर कांदा पसरला, रस्सा ओतला. हात सरावाचे, एक थेंब सांडला नाही. "त्यानं आल्या आल्या मला कानात विचारलं, तेलाची गिरणी अजून आहे का म्हणून," ती म्हणाली. "गिरणी मोडून पंधरा वर्षं झाली. म्हणजे त्याला माझ्या अंगाचा वास आठवतोय. त्यानं बोलायचं तर बोलू दे. तू बोलू नकोस. बाप अर्धा गेलेला. मला पोलीस नेतील. हा परवा आपल्या घरी जाईल, तिकडची आई त्याची वाट बघतेय. मग तू एकटी. रात्री म्हाताऱ्याची कूस बदलायला कोण येणार आहे? मा काका?"

खरं होतं ते. आत्याचं बहुतेक बोलणं खरंच असायचं, म्हणून तर तिचं खोटं इतकं टिकलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण लोक दुसऱ्यांच्या घराबद्दल बोलतात. आपल्या घरातला दांडा रोज कूस बदलायला येतो आणि पाव बांधून देतो.

बाहेर मा काकांनी मधलं टेबल लावून घेतलं होतं. दाराकडं तोंड करून असलेली मानाची खुर्ची त्यांनी आत्याला दिली. ती नको नको म्हणत बसली. सगळं गाव म्हणालं, हा मान तिचाच. "मासा आला की तोंड फंगलिंगकडं," मा काकांनी बजावलं. माशाचं तोंड ज्याच्याकडं, त्यानं तीन पेले घ्यायचे. तोवर कुणी जेवायच्या काड्या उचलायच्या नाहीत. आणि आज ते पेले परत आलेल्या पोरानं गुडघ्यांवर बसून भरायचे होते. ज्वारीच्या दारूचे तीन पेले मांडून तयार होते.

चिऊलान मासा घेऊन आली. टेबलापाशी उभी राहिली. ताट खाली ठेवेना.

"तोंड आत्याकडं," मा काका म्हणाले.

तिच्या दंडांना कळ लागली होती. रश्शाची वाफ तोंडावर येत होती. तिनं भावाकडं पाहिलं. तो तिच्याकडंच बघत होता, आणि त्याच्या बघण्यात प्रश्न नव्हता. त्याला उत्तर ठाऊक होतं, ते कुणी सांगतं का एवढंच तो पाहत होता.

"हात मी सोडला नव्हता," चिऊलान म्हणाली. "मी तो आत्याच्या हातात दिला होता."

अंगणात कुणीतरी बिया फोडत होतं, ते थांबलं. मा काकांनी हात हलवला. "आजच्या दिवशी ते कशाला काढायचं, पोरी? तू लहान होतीस. तुला कोण दोष देतंय?"

"सगळे देत आलात. तुम्हीसुद्धा. आत्यानं त्याला दिला, बाबांना विचारून दिला, आणि आलेल्या पैशानं दंड भरला. गिरणी गहाण नव्हती. तिला विचारा, ती समोर बसलीय."

लोकांनी आत्याकडं पाहिलं नाही. ते बापाकडं बघू लागले. बाप खुर्चीत बांधलेला. त्याचं चांगलं असलेलं अर्धं तोंड हललं, आणि सगळं अंगण कान देऊन होतं म्हणून शेवटच्या ओळीलाही ऐकू गेलं.

"मासा खाली ठेव," तो म्हणाला. "गार होतोय."

तेवढं पुरे होतं. नाही असं तो म्हणाला असता तर चिऊलाननं कदाचित त्याच्यावर विश्वास ठेवला असता. इतकी वर्षं तिनं त्याची कूस बदलली, त्याला भरवलं, त्याचं धुतलं, ते या आशेवर की घरात एक माणूस तरी आपल्यावर रागावलेलं नाही. तो रागावलेला नव्हताच. त्याला रागवायला कारणच नव्हतं.

मानत्सांग उठला. त्यानं टेबलावरचा पहिला पेला उचलला आणि फरशीवर ओतला. मग दुसरा. मग तिसरा. दारू जमिनीवर मेलेल्यांसाठी ओततात, हे उत्तरेत आणि दक्षिणेत सारखंच आहे. बायांनी पाय आखडून घेतले. आत्या मानाच्या खुर्चीत ताठ बसून होती, आणि ओघळ तिच्या चपलेपर्यंत गेला तरी तिनं पाय हलवला नाही.

"आई कुठं आहे?" त्यानं बहिणीला विचारलं.

तिनं ताट ठेवलं, कसंही, आडवं. माशाचं तोंड कुणाकडंच नव्हतं.

गव्हाचं शेत गुडघाभर हिरवं झालं होतं आणि आईच्या मातीचा उंचवटा त्यात लांबून दिसतही नव्हता. बरोबर कुणी आलं नाही. त्यानं मेलेल्यांच्या खर्चासाठी जाळतात त्या कागदाच्या नोटा जाळल्या, कपाळ तीनदा मातीला लावलं, आणि दक्षिणेच्या हेलात, परक्या घरी बोलावं तसं म्हणाला, "आई, मी आलोय." मग जरा वेळानं सांगितलं की तिकडच्या आईनं आपल्याला चांगलं वाढवलं, काळजी करू नये. मग त्याच्याकडचं बोलणं संपलं. संपणारच. ज्या बाईनं त्याच्यापायी चपला झिजवल्या, तिच्याशी त्याची चार वर्षांचीच ओळख होती. तो बांधावर जाऊन पाठमोरा उभा राहिला.

चिऊलान गुडघ्यांवर बसली. 'आई, आणला बघ.' वाक्य तोंडात तयार होतं, इतकी वर्षं जपलेलं, पण ते आता तिच्या उपयोगाचं नव्हतं. ते चूक भरून देणाऱ्याचं वाक्य होतं. चूक तर तिनं केलीच नव्हती.

"आई, हात मी सोडला नव्हता," ती म्हणाली.

कागदाची राख गव्हावर उडाली. तिनं पुन्हा एकदा सांगितलं, मोठ्यानं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं गं, तुलाच तेवढं नव्हतं, असंही सांगितलं. सेनापतीच्या बुटांचं सांगितलं, मंचाच्या उंचीचं सांगितलं. रजईखाली गेलेल्या हाताबद्दल विचारलं. ज्या एका माणसानं हे ऐकायला हवं होतं ते ऐकण्यापलीकडं जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि बाकी गावानं ऐकून काय करायचं? चिऊलानला आत्याचा राग आला, बापाचा आला, आणि सगळ्यांत जास्त आला तो आईचा, की तिनं एकदाही, एकदाही पोरीला समोर बसवून विचारलं नाही की त्या दिवशी तुला नक्की काय दिसलं.

राख विझली. भाऊ बांधावरून परत आला आणि जरा घुटमळला.

"मला आठवत नाही तू कशी होतीस ते," तो म्हणाला. "वासच तेवढा आठवतो. आणि ढोल."

"मलाही तू आठवत नाहीस," ती म्हणाली. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"चल, ताई. वारा सुटलाय."

तिचे पाय बधिर झाले होते, उठता येईना. ते बघून त्यानं वाकून हात पुढं केला, तळवा वर, बोटं उघडी.

चिऊलाननं वर बघितलं नाही. तिनं त्याच्या काळ्या कोटाचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि त्याच्या आधारानं उठली.